एका टिंबाने घात केला

जाफराबाद

जावईबापू आदिनाथराव यांस भागवत यांचा आशीर्वाद आणि नमस्कार दोन्ही (वयाने आशीर्वाद, जावई म्हणून नमस्कार). तुमची व चि. आकांक्षाची खुशाली कळवावी. इकडे सगळे ठीक. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो मी एसटीत कंडक्टर होतो तेव्हापासूनच कुरकुरतो. पत्रास कारण, तुम्ही साप्ताहिकात करता ते शब्दकोडे. फोनच केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि जावयावर आवाज चढवू नये असे तुमच्या सासूबाईंचे म्हणणे आहे.

अकरा वर्षे मी ते कोडे स्टँडसमोर फकरोद्दीनभाईंच्या हॉटेलात सोडवत आलो. मराठी शब्द माझे, उर्दू त्यांचे, चहा त्यांचा आणि पेन माझे (त्यांचे पेन भज्यांच्या तेलाने उमटत नाही). गेल्या महिन्यात तुम्ही विचारले, 'त्यानंतर', दोन अक्षरे. मी 'मंग' लिहिले. त्याच 'मं'वरून उभा शब्द, 'नाद लागला की माणूस घर विसरतो', तीन अक्षरे. मी 'मंदिर' लिहिले, कारण आमचे शेजारी भुजंगराव सकाळी भजनाला गेले की जेवायलाच उगवतात. त्या 'र'वरून आडवा, 'एकूण चारच'. मी 'रजा' लिहिले. आमच्या डेपोत वर्षाला तेवढ्याच पदरात पडायच्या. मग उत्तरे छापून आली: मग, मदिरा, राजा. राजा म्हणे पत्त्यांतला. एका टिंबापायी मी गुत्त्याऐवजी देवळात जाऊन बसलो होतो.

फकरोद्दीनभाईंनी आधीच टोकले होते, "भागवतराव, बोलायला मंग बराबर हाय, पन कोड्यात मग लिवा." मी भर हॉटेलात म्हणालो, "मंग काय, आता तुमच्यापासून मराठी शिकू राह्यलो का मी?" सगळे हसले. तेही हसले, ते मला लागले. 'मंग' बरोबर आहे असे छापून येईपर्यंत इथला चहा घेणार नाही, असे सांगून मी उठलो. आज चोवीस दिवस झाले. स्टँडवरून जाताना ते गल्ल्यावरून माझ्याकडे बघतात आणि मी गाडीच्या पाटीकडे बघतो. कोडे दर आठवड्याला अर्धे राहते. घरचा चहा चांगला असतो, पण मला करमत नाही.

तरी मी हटणार नाही. बिनतिकीट माणूस मी तीस वर्षांत सोडला नाही, हा शब्दही सोडणार नाही. पुढच्या अंकात 'मंगही ग्राह्य' असे ठळक छापावे. निम्मा मराठवाडा तुमच्या पाठीशी आहे.

आपला,
भागवत

ता. क. छापणे जमत नसेल तर राहू द्या. 'मग'च बरोबर आहे, मीही वर तसेच लिहिले आहे. त्यापेक्षा पुढच्या कोड्यात एक उर्दू शब्द घाला, मला अजिबात न येणारा. विचारायला जायला निमित्त होईल, आणि विचारायला आलेल्या माणसाला ते चहा सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

ता. ता. क. फार अवघड घालू नका. त्यांना आला पाहिजे.