केरूचा फोन आणि माझा फणस

५ मे, सकाळी ७
वाडीच्या ग्रुपवर आज पंचवीस सुविचार टाकले. एकही अंगठा नाही. शेजारच्या केरूने नुसता वासराचा फोटो टाकला, तर मुंबईकरांचे एकोणचाळीस अंगठे. त्यात आमच्या नातीचा, सानवीचाही. मी तीस वर्षं ग्रामसेवक. केरू माड चढणारा. जळण्याचा प्रश्नच नाही, तत्त्व म्हणून काही असतं.

५ मे, ७.४०
ग्रुप सोडला. तासाभरात हातापाया पडतील.

८ मे
नेटवर्कचा दोष असणार. बायकोला सहज विचारलं, ग्रुपवर माझं नाव निघतं का? म्हणाली, रोज निघतं. बरं वाटलं. मग फोन बघत तोंडाला पदर लावून हसत बसली. केरूचे व्हिडिओ, म्हणे. दाखव म्हटलं नाही. स्वाभिमान.

१० मे, रविवार
सानवी दर रविवारी केरूला व्हिडिओ कॉल करते. मला नाही. शेवटी मीच लावला. नववीचं महत्त्व सांगत होतो, तेवढ्यात रेंज गेली. नात माझी आणि गप्पा केरूशी. पोटात दुखतं. इथे लिहायला हरकत नाही.

१३ मे
केरू कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून माझ्या फणसाकडे फोन धरून उभा. आता फणसाला दृष्ट लावणार. स्टूलवर चढून फांदीला जुनी चप्पल बांधली. केरू म्हणतो, भाऊनू, जरा उजेडाकडं सरका. लक्ष दिलं नाही.

१४ मे
वानराने चप्पल पळवली. मागे धावलो. पंचा गडग्यावरच्या काट्यांत राहिला. केरू मदतीला आला नाही. फोन धरून उभा.

१७ मे, रविवार
जाब विचारायला ऐन कॉलच्या वेळी केरूच्या ओटीवर गेलो. स्क्रीनवर सानवी. म्हणाली, आजोबा, काकांना तुमचे व्हिडिओ मीच पाठवायला सांगते. तुम्ही फोनवर नुसता अभ्यास विचारता, आणि कॅमेऱ्यात तुमचा कानच दिसतो. काकांच्या फोनमध्ये तुम्ही अख्खे दिसता.
वानराच्या व्हिडिओला एकशे बारा अंगठे. काट्यांतल्या पंच्यासकट.
चहा घेतला. केरूच्या घरचा चहा बरा असतो.

१८ मे
इस्त्रीचा सदरा घातला. स्टूल उजेडात मांडलं. नवी चप्पल बांधली. अकरापर्यंत केरूचा पत्ता नाही. बायको म्हणाली, तो देवरुखला नारळ पाडायला गेलाय, चार दिवस. फोन बरोबर.
वानर वेळेवर आलं. चप्पल घेऊन गेलं. मी धावलोही. कोणी बघितलं नाही.