आठवी ‘अ’, आठवी ‘ब’ आणि माझी एम.एड.

५ जुलै १९७४
नोकरीतल्या शिक्षकांसाठी विद्यापीठाने संध्याकाळची एम.एड. काढली. धरमपेठेतली आमची शाळा सहभागी. शाळेतून एकच नाव. माझे. मुख्याध्यापक महादेवराव येत्या एप्रिलअखेर निवृत्त होतात. त्या खुर्चीला एम.एड. शोभेल. उद्यापासून पहाटे अभ्यास.

६ जुलै
गजर चारुलतेने ऐकला. उठून तिने एकटीनेच चहा घेतला. मला उठवायला हवे होते. बायकोचा पाठिंबा महत्त्वाचा.

२ ऑगस्ट
प्रबंधासाठी स्वतःच्या वर्गावर प्रयोग हवा. विषय ठरला: माझ्या अध्यापनाचा गणितावर परिणाम. आठवी ‘अ’ला मी शिकवणार. तक्ते, प्रश्न, फ्लॅनेल-बोर्ड. आठवी ‘ब’ तुलनेसाठी. त्यांना नुसते पुस्तक. सहशिक्षिका प्रेमिलाबाई तिथे गप्प बसतील. म्हणाल्या, बसते सर, पण विणकाम आणीन. आणा म्हटले. शास्त्राला चालते.

२८ सप्टेंबर
चाचणी. ‘ब’ बरीच पुढे. पेपर सदोष असावा. शिवाय ‘ब’च्या वर्गात वारा चांगला येतो.

३० सप्टेंबर
विद्यापीठातले मार्गदर्शक मधुसूदनराव म्हणाले, वर्गांची अदलाबदल करून बघा. मलाही तेच सुचणार होते. आता ‘ब’ला मी, ‘अ’मध्ये विणकाम.

१४ डिसेंबर
‘अ’ पुढे. ‘ब’ घसरली. ‘ब’ची मुले बिघडली, असा दाट संशय. प्रेमिलाबाई म्हणाल्या, मुलं तीच आहेत सर, मी फक्त स्वेटर संपवला. आगाऊ बाई.

२२ मार्च १९७५
तोंडी परीक्षा. मधुसूदनराव बेहद्द खूश. इतका स्वच्छ निष्कर्ष त्यांनी आजवर पाहिला नव्हता. फर्स्ट क्लास! निष्कर्ष कोणता, ते विचारायचे राहून गेले.

४ एप्रिल
संस्थेचे अध्यक्ष रुपराव पारशिवनीहून आले. प्रबंध वाचला होता. पानांना खुणा. म्हणाले, मास्तर, तुमी वर्गात नसले म्हंजे पोट्टे जास्त शिकतात, असंच ना गा? मी म्हणालो, अर्थ इतका सरळ नसतो. ते म्हणाले, मले तं सरळच दिसून राहिला. झोप नाही. खुर्ची गेली बहुतेक.

१२ एप्रिल
खुर्ची मिळाली! प्रार्थनेनंतर रुपरावांनी सगळ्या शाळेसमोर दोनच वाक्ये सांगितली: मास्तर आता हेडमास्तर झाले. यापुढं ते एकही वर्ग घेणार नाहीत. टाळ्या थांबेनात. शेवटी मलाच हात वर करावा लागला.

घरी चारुलतेने विचारले, टाळ्या कोणत्या वाक्याला पडल्या?

दुसऱ्या.