गोल बाजू खाली

मुलुंड, रविवार

ती. धोंडूमामांस निमेशचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मामीचा खोकला थांबला असेल. इकडे आम्ही सगळे मजेत (सौ. तेजलच्या मते मी जरा जास्तच). तुम्ही मोबाइल फक्त बोलायला वापरता, म्हणून हे पत्र. विशेष काही नाही, सहजच.

गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले तरी आई उंबरठा ओलांडत नाही. डॉक्टर म्हणतात, जिने चढा-उतरा. ती म्हणते, तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं तर धरायला नीट काही नको का? जुना कठडा तिच्या हाताला टोचायचा, हे खरंच आहे. तिला दिवसभर खिडकीशी बसलेली पाहून मला फार वाईट वाटायचं. म्हणून नव्या कठड्याचं सोसायटीचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. (कणकवलीत चाळीस वर्षं ग्रिलचं दुकान चालवलेला मामा असताना त्याला न विचारता. हे वाक्य तुम्ही दोनदा वाचाल, माहीत आहे.)

वेल्डर चंदूने हाफ राउंड पट्टी सुचवली: एक बाजू सपाट, एक गोल. वेलबुट्टीच्या गजांवर ती बसली की कठडा देखणा दिसतो आणि हातालाही धार लागत नाही. इथवर झकास. पण मी विचार केला, कठडा धरताना बोटं खालून वळतात, म्हणजे गोल बाजू खालीच हवी! चंदू म्हणाला, "साहेब, अख्ख्या मुंबईत गोल बाजू वर असते." मी म्हटलं, मग अख्खी मुंबई चुकते.

परिणाम असा की आमच्या जिन्याला तळापासून वरपर्यंत दोन इंची फळी मिळाली. मजल्या-मजल्यावर ती आडवी होते तिथे पेपर, दुधाच्या पिशव्या, कुणाचा तरी चष्मा. दुसऱ्या मजल्यावरच्या सखुबाई (माहेर खारदांड्याच्या कोळीवाड्यातलं) तर कठडा वळतो त्या कोपऱ्यात सूप टेकवून सुक्या बोंबलांना ऊन दाखवतात. आई दारातूनच विचारते, "हात खंय ठेवू रे? बोंबलांर?" माझी पार वाट लागली आहे.

असो. मामीला नमस्कार.

तुमचा,
निमेश

ता. क. पाकीट चिकटवायच्या आतच एक प्रकार घडला. मांजराने सखुबाईंचं सूप पाडलं आणि ते बोंबील घेऊन पळालं. आई त्याच्यामागे थेट गेटपर्यंत गेली! एका हातात लाटणं, दुसऱ्यात चप्पल. कठड्याला तिने बोटसुद्धा लावलं नाही. खाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कुठे आलो ते. मग तासभर बाकावर बसून हसत होती. मी वरून बघत होतो, माझे डोळे भरून आले.

ता. क. २. तरीही कमिटी माझ्यावर डोळे वटारून आहे. तेव्हा तुमच्या दुकानाच्या जुन्या छापील कागदावर चार ओळी लिहून द्या की सपाट बाजू वर ठेवायची ही कोकणातली खास पद्धत आहे. भाच्याची अब्रू तुमच्या हातात.

ता. क. ३. पत्र टाकायचं आठवडाभर राहूनच गेलं. उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. इथलं टपाल हल्ली रोज आईच खाली जाऊन आणते.