चुकीवरून पटलेली ओळख

प्रिय सार्थक,

तू फोन बाबांना करतोस आणि ते मुद्दाम मोठ्याने बोलतात, मला स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून. त्यामुळे तुझं बरं चाललं आहे एवढं मला ठाऊक असतं. हे पत्र विचारपूस करण्यासाठी नाही. मला तुझ्याकडून एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि तू ते टाळू नयेस म्हणून आधी माझ्या कामाविषयी लिहिते.

हॉलिवूडच्या सुरुवातीच्या बोलपटांत ज्यांनी वाद्यं वाजवली, पण ज्यांची नावं पडद्यावर कधीच आली नाहीत, त्यांना हुडकण्याचं आमचं काम अजून चालू आहे. निवृत्तीनंतर तो छंद होता. आता ओझं झालं आहे. हेडफोनने कान तापतात, मान धरते. देशोदेशीचे आमचे सहकारी उत्साही आहेत, पण उत्साह म्हणजे पुरावा नव्हे हे त्यांना पुन्हापुन्हा सांगावं लागतं. पडद्यावर व्हायोलिन घेऊन उभा असलेला देखणा माणूस बहुधा नुसता उभाच असतो. त्याचा गज एकीकडे जातो आणि सूर दुसरीकडे. खरा वाजवणारा चौकटीबाहेर कुठेतरी बसलेला असतो, आणि त्याचं नाव लिहून ठेवण्याची तसदी कोणी घेतलेली नसते.

त्याला ओळखायचं कसं, याचं जे उत्तर इतक्या वर्षांनी हाती आलं ते मला मुळीच रुचलेलं नाही. निर्दोष वाजवणारे ओळखू येत नाहीत. ते सगळे सारखेच वाजतात. माणूस सापडतो तो त्याच्या खोडीत. ओटो ब्रेनर असाच सापडला. कॅफेच्या एका प्रसंगात मागे व्हायोलिन वाजतं आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर पुरता होण्याआधीच वाजवणारा गज उचलतो. माझ्या शिकवणीतल्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. पण माझा नियम तुला माहीत आहे: एका कानावर नाव नोंदवायचं नाही, दुसरा साक्षीदार हवाच. ब्रेनरची नात अमेरिकेत भेटली, तिच्याकडे त्याच्या घरच्या वाजवण्याची मुद्रित केलेली एक तबकडी होती. तीत तीच घाई! नात हसता हसता रडू लागली. म्हणाली, आजी त्याला चिडवायची, की तुला नेहमी जेवायला घरी पळायचं असतं. मी नाव नोंदवलं. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त थकवा जाणवला.

त्याच आठवड्यात शेजारच्या उज्वलाताईंनी आग्रहाने दुपारच्या खेळाला नेलं. चित्रपट सुमार होता, कथा त्याहून सुमार. मध्यंतरानंतर नायिका रिकाम्या फलाटावर उभी राहते तिथे एकटं व्हायोलिन वाजलं, आणि वरच्या सुरावर जाताना बोट आधी सरकलं, गज मागाहून वळला. मधे सूर घासत गेल्याची एक पुसट घसट. पुढचं मी काही पाहिलं नाही. शेवटी नावं सुरू झाली तशी ताठ बसून राहिले. वाहनचालक आले, जेवण पुरवणारे आले, वकीलसुद्धा आले. झाडूवाला येऊन उभा राहिला. उज्वलाताई म्हणाल्या, “अहो मॅडम, चला की आता! जावई आहे का तुमचा त्यात?” व्हायोलिन वाजवणाऱ्याचं नाव नव्हतं.

गंगापूर रोडच्या घरात खिडक्या लावून तुझ्या व्हायोलिनमधली तीच घसट काढण्यासाठी मी तुझ्याकडून काय काय करून घेतलं, ते तू विसरला नसशील. देवळाली कॅम्पातल्या तुझ्या कार्यक्रमानंतर लोक टाळ्या वाजवत होते आणि परतताना गाडीत मी त्याच जागेविषयी बोलत होते. तू काचेबाहेर पाहत म्हणालास, “आई, तुला माझ्याआधी माझी चूक ऐकू येते.” मग तू मुंबईला गेलास, रेकॉर्डिंगच्या मागच्या रांगेत बसू लागलास. त्या दिवशीच्या वाजवण्याविषयी मी गाडीत जे म्हटलं होतं, ते संगीत म्हणून मला आजही खरं वाटतं. तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

पण मेलेल्या, अनोळखी माणसांची नावं शोधण्यात माझे डोळे अधू झाले, आणि फलाटावरच्या त्या सुरांना नाव द्यायला माझ्याकडे माझ्या कानाशिवाय काही नाही. बाबांना विचारलं तर ते तुला वाचवायला काहीही सांगतील. त्यांना मी साक्षीदार धरत नाही. साक्षीदार तूच. म्हणून हे पत्र. तो तूच होतास ना? एका शब्दात कळव, बाबांना नको, मला. आणि ती घसट आहे, चूकच आहे. पण आता दुरुस्त करू नकोस. पुढच्या वेळी मी तुला ओळखायचं कशावरून?

तुझीच, आणि कान अजून शाबूत असलेली,
आई