चौकातली अमेरिका

११ मार्च
अमेरिकेचा होकार आला. एका वर्षाचा कॉम्प्युटर सायन्सचा मास्टर्स. प्रबंध नाही, भल्यामोठ्या वर्गात बसा आणि परीक्षा द्या. सगळे करतात म्हणून मीही अर्ज केला होता. घरात पेढे. मी ‘थांब, जर्मनीचं यायचंय अजून’ म्हणेपर्यंत आईनं लासूर स्टेशनला मामाला फोन लावलासुद्धा.

१४ मार्च
उस्मानपुऱ्याच्या चौकात मी! दुकानांच्या पाट्यांपेक्षा मोठी. निळा फ्लेक्स, बारावीतला फोटो, मागे विमान. ‘अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांची रांग, निम्म्यांना मी ओळखतही नाही. मामा फोनवर: "लासूरला स्टेशनसमोर बी लावलाय. लोकं बघतच राह्यले!" विचारायचं तरी, म्हटलं. "आनंदाची गोष्ट कुणी इचारून करतं व्हय?"

२० मार्च
जर्मनीचा होकार!! दोन वर्षं, प्रबंध, आणि बोलीभाषांवर काम करणारी लॅब. मुलाखतीत तिथल्या मॅडमना मामाचंच बोलणं ऐकवलं होतं. मोंढ्यातल्या शेतमालाच्या भावावर तावातावानं बोलतो, ते रेकॉर्डिंग. फोनच्या व्हॉइस टायपिंगनं त्याचं काय केलं तेही दाखवलं: अर्धं गाळलेलं, अर्धं भलतंच. त्या म्हणाल्या, हेच काम करायला या.
जेवताना घरात सांगितलं. पप्पांचा घास हातातच. "आणि फ्लेक्स?"

२३ मार्च
पुन्हा तेच. पप्पा म्हणतात, "मामानं एवढं केलं, आता त्याचं नाक कापायचं का? लोकं म्हणतील अमेरिकेनं नाय म्हटलं." म्हटलं, व्हिसाचा भरवसा नाही, कोर्स पोकळ आहे, विद्यापीठाचं नाव तेवढं मोठं. "नाव मोठंय ना? मग झालं." मशीनला समजेल असं कितीही लिहीन, पण या माणसाला एक वाक्य समजावता येत नाही. चीड चीड.

२९ मार्च
विहारात सत्कार. शाल, पुष्पगुच्छ, टाळ्या. पांढऱ्या साड्यांतल्या मावश्या गालावरून हात फिरवत होत्या. एक म्हणाली, "तुझ्याकडं बघून माझ्या पोरीला बी शिकवनार आता, लग्नाचं बघत नाय." यांच्यावर चिडताही येत नाही, तोच खरा वैताग. पाहुणे बोलले ते सगळं अमेरिकेवर. माईक माझ्या हातात आला तेव्हा जर्मनी अगदी जिभेवर होती. ‘धन्यवाद’ म्हणून खाली बसले. भित्री कुठली.

४ एप्रिल
वाऱ्यानं फ्लेक्सचा कोपरा फाटला. लाज वाटावी इतका आनंद झाला. पण संध्याकाळी मामा स्वतः लासूरहून आला, शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून शिडी मागून वर चढला. दोरी बांधता बांधता म्हणतो, "काळजी नको करू. तू जाईस्तोर पडू देत नाय याला." त्याला सांगायचं होतं, मामा, तुझ्या आवाजावर मला जर्मनीनं घेतलंय. इतकंच सांगायचं होतं. शिडी धरून उभी राहिले.
चहा पिऊन गेला.

६ एप्रिल
जर्मनीला उद्या दुपारपर्यंत कळवायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला. लॅपटॉप उघडा ठेवून बसलेय. आई पोळ्या उरकून शेजारी आली. म्हणाली, "खरं सांग, तुला कुठं जायचंय?"
चौकात नाही, विहारात नाही, घरात नाही, इतक्या दिवसांत कुणीही मला हे विचारलं नव्हतं. याच प्रश्नाची तर वाट बघत होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं?
"आता काय, फ्लेक्स लागलाय ना."
आई उठली नाही. मी हे लिहितेय आणि ती अजून तशीच बसलीये, उत्तराची वाट बघत.