तिसऱ्या बेसवरचा बोगदा

९ एप्रिल, शनिवार

हरलो! बेसबॉलच्या या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिलाच सामना, आणि घालवला कुणी — इसाकाने. शेवटची इनिंग, दोन गडी बाद, आपली एका धावेची आघाडी, त्यांची दोन माणसं बेसवर. साधा सरपटत आलेला चेंडू, थेट तिसऱ्या बेसवर त्याच्या पुढ्यात. शेजारच्या तांबांच्या नातीने उचलला असता. हा वाकला, हातमोजा खाली नेला, आणि चेंडू दोन पायांमधून आरपार! दोन धावा. खेळ खलास.

चेंडू असा पायांमधून गेला की त्याला सगळे बोगदा म्हणतात. आणि आमचा संघ कुणाचा? रेल्वे कंपनीचा! मग मला कोण अडवणार. उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले: "कंपनीला कळवा, तिसऱ्या बेसवर बोगदा खणून तयार आहे. रूळ तेवढे टाका!"

स्टँडमध्ये दोनशे माणसं असतील-नसतील. सगळी हसली. आपला पिचरसुद्धा पाठ फिरवून हसला. इसाकाची मान लालबुंद झाली. मैदान रिकामं असण्याचा हा एक फायदा आहे, शब्द न् शब्द पोचतो.

१२ एप्रिल, मंगळवार

इसाका चार वेळा बॅट घेऊन आला, चार वेळा हात हलवत परत गेला. मी: "बोगदा दुरुस्तीसाठी बंद आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी!" मजा आली.

२४ एप्रिल, रविवार

पेपरात आलंय — इसाका चौतिसाचा झाला, करार एकाच वर्षाचा, या मोसमात खेळ सुधारला नाही तर ऑक्टोबरात नारळ. तांबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. तांबा म्हणजे ह्यांचे जुने मित्र, रेल्वेत तिकिटं टोचायचे, आता स्टँडमध्ये बिअर पितात. म्हणाले, "वहिनी, पोटावर पाय येतोय त्याच्या. जरा सबुरीने घ्या."

मी कशाला सबुरीने घेऊ? मला कुणी घेतलं? हे इस्पितळात होते, चार वर्षं झाली, उशीशी रेडिओ लावून पडलेले. तीस वर्षं ह्या हेरन्स संघाच्या मागे वाया घालवली होती ह्यांनी. 'आमचे बगळे' म्हणायचे. त्या दिवशी बगळे जिंकत होते. आणि इसाकाने बोगदा केला. ह्यांनी डोळे मिटले, म्हणाले, "बंद कर." पहाटे गेले. माणसाने जाताना शेवटचं ऐकावं काय, तर ते!

डॉक्टरांनी मला कारण समजावून सांगितलं होतं. त्यात इसाका कुठेच नव्हता, हे मला कळतं. पण डॉक्टरांवर ओरडता येत नाही. इसाकावर येतं, नुसतं तिकीट काढलं की झालं.

५ मे, गुरुवार

मैदानावरचा दारवान आला, अदबीने उभा. म्हणाला, बाई, जरा पलीकडच्या बाजूला बसाल का, खेळाडूला त्रास होतो. मी विचारलं, इसाकाने पाठवलं का तुला? तर म्हणे नाही, उलट इसाका म्हणाला, बसू द्या, त्या रोज येतात.

भित्रा! समोर येऊन दोन शब्द सुनावले असते तर मान दिला असता. आज मुद्दाम नऊच्या नऊ इनिंग ओरडले. घसा बसला, मध घेतला.

२९ मे, रविवार

सलग सहावी हार. शेवटच्या नंबरवर आहोत. बाकीचा संघही काही दिवे लावत नाही, पण माझं त्यांच्याकडे लक्षच जात नाही.

१९ जून, रविवार

आज जे झालं ते सावकाश लिहिते.

तिसऱ्या इनिंगला एक म्हातारी आली. सगळा स्टँड मोकळा, आणि ही येऊन बसली ती बरोबर माझ्या शेजारी. सत्तरीची, उन्हाने रापलेली, किमोनो जुना पण इस्त्री चोख. माझं धुलाईचं दुकान, मला आधी इस्त्रीच दिसते. मांडीवर बोचकं. तिने वाकून नमस्कार केला, मीही केला.

चौथ्या इनिंगला इसाकाने चेंडू सोडला. मी उठले: "सुटली गाडी, बोगद्यातून सुटली!" तर म्हातारीने टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून, हात डोक्याच्या वर नेऊन. मला तर फार आवडली. म्हटलं, ही आपल्यातली दिसते.

मग मला चेव आला. ठेवणीतलं एकेक काढलं. "इसाका, गुडघे चिकटव, वारा येतो!" — टाळ्या. "कंदील लावा, बोगद्यात अंधार आहे!" — टाळ्या. तांबा मागून मोजत होते, अकरा वेळा झाल्या म्हणाले. इसाका सारखा आमच्याकडे बघत होता. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, आज वर्मी लागतंय.

सातव्या इनिंगला म्हातारीने बाहीतून छोटी वही काढली. कानाकडे बोट दाखवलं, हात हलवला. मग पेन्सिलीने लिहून वही माझ्यापुढे धरली. 'मला ऐकू येत नाही, क्षमा करा. तिसऱ्या बेसवर आहे तो माझा मुलगा. तो पत्रात लिहितो की मैदानात कुणी नसतं तेव्हाही एक बाई रोज येतात आणि त्याला हाक मारतात. त्या तुम्हीच ना?'

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ते काय, ते आज कळलं. मी मान हलवली, हो म्हणून. दुसरं काय करणार?

तिने पुन्हा लिहिलं: 'काय म्हणून हाक मारता?'

आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

मी लिहिलं, 'इसाका, धीर धर. आम्ही आहोत.' बासष्ट वर्षांत माझं अक्षर इतकं वाकडं आलं नव्हतं. तिने एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचलं, वही मिटली, आणि बसल्या जागी इतकी वाकली की कपाळ बोचक्याला टेकलं. मग बोचकं सोडलं. आत उन्हाळी संत्री, एहिमे प्रांतातल्या तिच्या स्वतःच्या झाडांची. घेतल्यावर काहीतरी द्यावंच लागतं. माझ्या पिशवीत दुकानाचा छापील पंचा होता, नाव-फोनवाला. तोच दिला. दुसरं काही नव्हतं.

आठव्या आणि नवव्या इनिंगला मी तोंड उघडलं नाही. हरलो. कितीने, ते आठवत नाही.

२० जून, सोमवार

एक संत्रं खाल्लं. आंबट ढाण! बाकीची तांबांकडे पाठवली.

२१ जून, मंगळवार

गप्प बसले. तांबा म्हणाले, घशाला काय झालं वहिनी, काढा देऊ का? मागच्या रांगेतले दोघे माझ्याकडे बघत म्हणाले, म्हातारी विकली गेली, कंपनीने फुकट पास दिला असणार. हसतायत मेले. माझ्याच जिवावर तर महिनोन्‌महिने फुकट करमणूक झाली त्यांची.

इसाका पहिल्या तीन इनिंग सारखा माझ्याकडे बघत होता. छडी बसायची वाट बघावी तसा. मी दुसरीकडे बघत भाताचा गोळा खाल्ला.

३ जुलै, रविवार

इसाकाचे दोन फटके! आणि डावीकडे झेपावून असा एक चेंडू अडवला की मीच उभी राहिले. तोंडातून काय निघेल याची मलाच धास्ती, म्हणून खाली बसले.

१७ जुलै, रविवार

बगळे पाचवे! तळातून वर! दोन आठवड्यांत इसाकाकडून एकही चूक नाही. पेपरात त्याचा फोटो. इतकी वर्षं हा खेळाडू होता कुठे? आता लिहायला लाज वाटते, पण लिहिते — होता तिथेच होता. मी त्याच्या मानगुटीवर बसले होते.

१४ ऑगस्ट, रविवार

पितरांचे दिवस. ह्यांच्या तसबिरीपुढे बिअर ठेवली. सांगितलं, तुमचा इसाका बरा खेळतोय, करार वाढेल म्हणतात. मीच वाचवला त्याला, हेही सांगितलं. हे असते तर म्हणाले असते, आधी बुडवला कुणी? म्हणून पुढे फार बोलले नाही.

२८ ऑगस्ट, रविवार

मैदानातून निघताना दारात इसाका समोर आला. अंगावर साधा शर्ट, कॉलर धड इस्त्री न केलेली. थांबला, टोपी काढली आणि वाकला. मीही वाकले. घरी येऊन रडले. का, ते ठाऊक नाही. त्याच्या आईला वहीत लिहून दिलेला शब्द पाळतेय, एवढं मात्र खरं.

१५ सप्टेंबर, गुरुवार

काय करून बसले!

वडीलधाऱ्यांच्या मानाचा सुटीचा दिवस. हाकाताचा संघ आलेला, ते पहिल्या नंबरवर, म्हणून सामना रेडिओवर, देशभर. मैदान निम्मं भरलेलं, कधी नव्हे ते. आमच्या स्टँडच्या कठड्याला मायक्रोफोन बांधलेला. आठवी इनिंग, आपली आघाडी एका धावेची. आणि चेंडू तिसऱ्या बेसकडे सरपटत निघाला, अगदी एप्रिलमधल्यासारखा. मला आधीच कळलं. इसाका वाकला. पायांमधून गेला.

मी काही ठरवलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "बोगदा!" अडीच-तीन महिने दाबून धरलेला आवाज होता तो. मागच्या रांगेने उचलला, तिच्या मागच्यांनी उचलला, आणि मग हजारो माणसं एका ठेक्यात — बो-ग-दा, बो-ग-दा! इसाका माझ्याकडे वळला. रागाने नाही. घरच्या माणसाने हात उगारला की आपण बघतो ना, तसं बघितलं त्याने.

पुढचा साधा झेल सुटला. त्याच्या पुढचा चेंडू प्रेक्षकांत फेकला. हरलो. त्याला मधेच बाहेर काढलं तेव्हाही ठेका चालूच होता.

तांबा म्हणाले, घरी बायकोने रेडिओवर माझा आवाज स्पष्ट ऐकला म्हणे. खोटं कशाला लिहू? ते ऐकून क्षणभर बरं वाटलं मला. मग नाही वाटलं. जित्याची खोड!

१८ सप्टेंबर, रविवार

इसाका बाकावर. त्याच्या जागी बावीस वर्षांचा पोरगा. चांगला खेळतो. लोक आता इसाकाला बाकावर बसलेला बघूनही बोगदा-बोगदा करतात. मी सुरू केलं, पण थांबवणं माझ्या हातात नाही. मागे वळून "पुरे करा!" म्हणून ओरडले, तर त्यांना वाटलं मीही सामील झाले, आणि आवाज वाढला.

एक गोष्ट बरी. त्या माउलीला ऐकू येत नाही. देवाने तेवढी दया केली.

२ ऑक्टोबर, रविवार

बाकावरच. उठून आत पाण्याला गेला तेव्हाही हसले लोक.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

पेपरात तीन ओळी. हेरन्सने चार जणांना मोकळं केलं. दुसरं नाव इसाका. दुसऱ्या कुठल्या संघाने विचारणा केलेली नाही, असंही लिहिलंय, ते लिहायची काही गरज होती का? दिवसभर दुकानात एकच शर्ट तीनदा इस्त्री केला. त्याच्या आईला पत्र लिहायला बसले. 'धीर धरा' एवढं लिहून झालं आणि फाडून टाकलं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दुकानात फोन आला. बाईचा आवाज, हळू, गावाकडच्या बोलीतला. "माकिनोबाई ना? मी इसाकाची आई."

मी म्हटलं, "अहो, पण तुम्हाला तर ऐकू —"

"येतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीही सगळं येत होतं. मला वाटलं होतं, बहिऱ्या आईसमोर तरी तुम्हाला लाज वाटेल. दोन-तीन महिने वाटली, त्याबद्दल आभार." मग आवाज न चढवता: "गेल्या महिन्यात रेडिओवर तुमचा आवाज लगेच ओळखला. आता खुशाल ओरडा, बाई. तो घरी आलाय."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. जे बोलले ते त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.