सुई अठराने जास्त दाखवते

सारी-बेल,
२ डिसेंबर

प्रिय शादिबेक,

‘प्रिय’ लिहिताना हात अडेल असं वाटलं होतं, पण अडला नाही. चोविसाव्या वर्षी तुझ्या नावाआधी हा शब्द लिहायची सवय लागली, ती हाताला अजून आहे. त्यात माझा काही मोठेपणा नाही आणि तुझं काही कर्तृत्वही नाही. छत्तीस वर्षं आपण एकाच खोऱ्यात राहिलो, एकाच बाजारात बटाटे घेतले. समोरून तू येताना दिसलास म्हणून मी कधी रस्ता बदलला नाही. बदललास तो तू. मागच्या महिन्यात तर मला बघून तू बायकांच्या चपलांच्या दुकानात शिरलास! म्हणून हे पत्र. पत्राला बघून माणूस दुकानात शिरू शकत नाही.

आधी माझी खबर. मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, डोळे मात्र शाबूत आहेत. बारीक स्क्रू अजून चष्म्याशिवाय बसवते. ओमोरला जाऊन चार वर्षं झाली. भला माणूस होता. लग्नाआधी मी त्याला विचारलं होतं, “माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकलंयस ना?” तो म्हणाला, “ऐकलंय. पण मी मेंढ्या पाळतो, विमानं नाही.” त्या एका वाक्यावर मी त्याच्या घरी गेले. आता नात मेरिम माझ्याजवळ असते, म्हणजे सुट्टीत. एरवी ती बिश्केकला तांत्रिक विद्यालयात शिकते. कुठला विषय घेतला असेल सांग? विमानातली उपकरणं. मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. उलट म्हटलं होतं, “बाई गं, दात काढायला शीक, उपाशी मरणार नाहीस.” ऐकेल तर माझी नात कसली!

गेल्या वर्षी ती पहिल्या परीक्षेआधी आली तेव्हा शेवयांचं पीठ मळता मळता मी तिला सगळं समजावलं. म्हटलं, आधी एक गोष्ट पक्की कर. विमानाचा वेग दाखवणारी सुई वेग मोजत नाही. तिला वेग ठाऊकच नाही, तिला ठाऊक आहे तो दाब. पंखाच्या पुढे नळी असते. तिचं तोंड समोरून येणाऱ्या वाऱ्याचा मार खातं, आणि तिच्या कुशीला बारीक भोकं असतात, ती शांत हवेचा दाब घेतात. या दोन दाबांच्या फरकाने पत्र्याची एक पातळ डबी फुगते, आणि डबी जितकी फुगेल तितकी सुई सरकते. मग सुई जे दाखवते त्यातून तीन गोष्टी दुरुस्त करायच्या. एक, त्या यंत्राची स्वतःची खोड. प्रत्येकाची वेगळी असते. दुसरी, नळी कुठे बसवली आहे ती जागा. पंखाजवळ हवा वळते, दबते, पसरते, त्यामुळे कुशीच्या भोकांना खरी शांत हवा मिळतच नाही. आणि तिसरी, आपल्या खोऱ्यासारख्या उंचीवरची विरळ हवा. इथे सुई शंभर दाखवत असताना जमीन खालून शंभरापेक्षा कितीतरी भरभर पळते. मेरिम म्हणाली, “आजी, म्हणजे सुई खोटारडी?” मी म्हटलं, “सुई कधी खोटं बोलत नाही. तिच्यापर्यंत जे पोचतं तेच ती सांगते. खोटं बोलणारे वेगळे.” माझी हकीकत मी तेव्हा तिला सांगितली नाही.

तुला एक हजार नऊशे अठ्ठ्याऐंशीचा सप्टेंबर आठवतो का? मला तारखेवार आठवतो. आपल्या दुमजली पंखांच्या म्हाताऱ्या विमानाला ट्रकने मागे येऊन धडक दिली. डावा पंख दुरुस्त झाला, नळीचा दांडा नवा बसवला, पण जुन्या जागी बसला नाही. चार बोटं खाली आणि जरा तिरका. नळीची जागा बदलली की सुईशेजारी लावलेला दुरुस्तीचा जुना तक्ता गेला. तो तक्ता मी एप्रिलमध्ये केला होता आणि एप्रिलमध्ये तो बरोबर होता. विमानातली उपकरणं माझ्या ताब्यात होती, म्हणून मी देखभालीच्या वहीत लिहिलं: दांड्याची जागा बदलली आहे, नवीन मोजणी होईपर्यंत तक्ता वापरू नये, प्रवासी नेऊ नयेत. इसाकोवने, आपल्या तुकडीच्या प्रमुखाने, ते वाचलं आणि म्हणाला, “पोरी, वर चाळीस हजार जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायची आहे. बर्फ तुझ्या मोजणीसाठी थांबणार आहे का?”

मग तूच म्हणालास, “चल, आपण मोजू. त्याला विचारायचंच कशाला?” खोटं लिहीत असेन तर खोड. त्या सकाळी मी तुझ्या शेजारच्या आसनावर बसले, गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ. रस्त्यालगत चुना लावलेले दोन खांब, मधे चार किलोमीटर. तू सुई एकशे चाळिसावर अशी धरलीस की ती भिंतीवर रंगवल्यासारखी दिसत होती. तुझ्यासारखा हात मी नंतर कुणाचा पाहिला नाही, हे आजही म्हणते. जाताना वारा पाठीशी: नव्व्याण्णव सेकंद. येताना वारा तोंडावर: एकशे चौदा. दोन्ही फेऱ्यांचे वेग काढायचे, त्यांची सरासरी घ्यायची, म्हणजे वारा आपोआप गळून पडतो. मी मांडीवर कागद ठेवून हिशेब केला. सरासरी आली एकशे छत्तीस. त्यातून विरळ हवेची दुरुस्ती काढली की पंखांना प्रत्यक्ष जाणवणारा वेग उरला एकशे बावीस. मी इंजिनाच्या आवाजात तुझ्या कानाशी ओरडले, “अठरा! सुई अठराने जास्त दाखवते! तक्त्यात फक्त चार लिहिलेत!” तू हसलास. उतरल्यावर म्हणालास, “बुरुल, माझा सुईवर बारा वर्षांचा विश्वास आहे आणि तुझ्या घड्याळावर दोन फेऱ्यांचा. नियमाने सहा फेऱ्या लागतात.” मी म्हटलं, “मग आणखी चार मार.” तू म्हणालास, “उद्या.”

उद्या उजाडला तेव्हा तू लस आणायला खाली गेलास, आणि परतताना जनावरांचे डॉक्टर झुमाश बाइके, सगळ्या खोऱ्याचे थोरले भाऊ, खोक्यांसोबत मागे बसले होते. विमान जड होतं, वारा झटक्यांचा. सुईवर एकशे वीस होते. तक्त्याने चार काढून तुला एकशे सोळा वाटले. पंखांखाली होते एकशे दोन. शेवटच्या वळणावर वेग पुरला नाही, विमान खाली बसलं, धावपट्टीआधीच्या कालव्याच्या बांधावर आदळलं. मी धावत पोचले तेव्हा तू दारातून बाहेर येत होतास, कपाळातून रक्त. माझ्याकडे बघून तू एकच शब्द बोललास: “अठरा.” झुमाश बाइके खोक्यांखाली होते. ते बोलले नाहीत.

तो एक शब्द तू चौकशी समितीपुढे बोलला असतास तर मी तुझ्याबरोबर कुठेही आले असते. तुरुंगाच्या दारात जेवणाचा डबा घेऊन उभी राहिले असते. समिती भोजनगृहात बसली होती. टेबलांवर हिरवं कापड, आतून सुपाचा वास. वहीतलं माझं पान नव्हतं. शिवण इतकी स्वच्छ कापली होती की मला इसाकोवचं कौतुक वाटलं. तुला विचारलं, तू उभा राहिलास आणि म्हणालास, “मोजणीचं उड्डाण झालंच नाही. मला कुणी काही सांगितलं नाही. तक्ता तिचा, सही तिची.” तिघांनी लिहून घेतलं. माझी नोकरी गेली, प्रमाणपत्र गेलं. आठवड्याने तुझी आई आमच्या दारात आली. आत यावं की नाही, तिला कळेना. साखरपुड्याला तिनेच माझ्या कानांत घातलेली कर्णफुलं मी उंबऱ्यावरच उतरवून तिच्या हातात दिली. ती रडली. मी नाही रडले, आणि त्याचाही गावाने अर्थ लावला: “बघा, दगड आहे.”

नंतर काय केलं ते तुला ठाऊक आहे, सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. दवाखान्यात रक्तदाबाची यंत्रं दुरुस्त केली. तिथेही दाब, नळी आणि सुईच. डॉक्टरीणबाई म्हणायची, “बुरुलच्या हातचं यंत्र दोन अंकांनीही चुकत नाही.” आणि दर रविवारी बाजारात झुमाश बाइकेंची बायको, साइरा एजे, माझ्या पायांशी थुंकायची. मी तिला कधी उलट बोलले नाही. तिचा नवरा गेला होता. पण मी रविवारचा बाजारही कधी चुकवला नाही. लोक म्हणायचे, “सोमवारी जा ना.” का जाऊ? रविवारी भाजी ताजी असते.

आता या वर्षीचं. ऑक्टोबरमध्ये मेरिमच्या वर्गात त्यांचा शिक्षक आदिलेत याने एक जुना अपघात शिकवायला घेतला. फळ्यावर लिहिलं: तंत्रज्ञ महिलेने केलेला चुकीचा तक्ता. खाली तक्त्याची आणि पंखाच्या दुरुस्तीची तारीख, आणि माझं नाव, माहेरचं. मेरिमने ते ओळखलं. तरी रडत बाहेर गेली नाही, हात वर केला. म्हणाली, “सर, तक्ता एप्रिलचा आहे आणि दांडा सप्टेंबरचा. मग तक्ता चुकीचा कसा? तो जुना झाला होता. जुना झालेला तक्ता कुणी वापरला, हा प्रश्न आहे.” आदिलेत वयाने पोरगाच, पण प्रामाणिक निघाला. त्याने चिडायच्या ऐवजी जुन्या कागदपत्रांची फाईल मागवली. इसाकोवने वहीचं पान कापलं होतं, पण इंधन भरणाऱ्या म्हाताऱ्याचा कागद कापायचं त्याला सुचलं नव्हतं. अपघाताच्या आदल्या सकाळी आपल्या विमानातलं ऐंशी लिटर इंधन जळलं आहे, आणि त्या दिवशी कुठल्याही फेरीची नोंद नाही. मग विमानाने ते जमिनीवर उभ्याउभ्या प्यायलं का? आदिलेतने तुला फोन केला, हे मला माहीत आहे. तू काय उत्तर दिलंस तेही माहीत आहे: “आठवत नाही.”

आणि मग मागच्या शुक्रवारी तुझा नुर्दिन माझ्या दारात. हातात घोड्याच्या मांसाची मांडी, मान खाली. “अपा, बाबांचं हृदय नाजूक झालंय. ते म्हणतात, झालं ते झालं. तुम्ही मनाने मोठ्या आहात.” मी म्हटलं, “बस, चहा घे. तुझ्या बापाने माझ्या मनाची चौकशी छत्तीस वर्षांत केली नाही, आता त्याचं माप घ्यायला तुला पाठवलं?” बिचारा कानांपर्यंत लाल झाला. तुझ्यासारखाच दिसतो, पण खोटं बोलताना तुझ्यासारखा सरळ उभा राहत नाही. ते चांगलं लक्षण आहे. त्याला मी पावावर लोणी थापून खाऊ घातलं आणि मांस परत दिलं. त्याच्यावर माझा राग नाही. खरं तर तुझ्यावरही नाही, शादिबेक. मनातल्या मनात तुला मी कधीच माफ करून टाकलंय, ओमोर असतानाच. पण ती माफी घरातली. तू जे बोललास ते भोजनगृहात, उभं राहून, मोठ्याने बोललास. ते मागे घ्यायचं तर तसंच, उभं राहून, मोठ्याने. मांसाची मांडी मधे घालून ते होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी इंधनाच्या कागदाची प्रत घेऊन साइरा एजेकडे गेले. ती आता एकोणऐंशीची आहे. दार उघडून मला बघितलं आणि तोंड गोळा केलं; मी म्हटलं, “थुंकायचं ते नंतर, आधी ऐक.” सगळं सांगितलं. ती बराच वेळ कागद उलटासुलटा करत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या बाईवर थुंकले?” मी म्हटलं, “हो.” तिने माफी मागितली नाही. चूल पेटवली, चहा केला, आणि मला घरातल्या मानाच्या जागी, दाराच्या समोर, बसवलं. पहिला पेला माझा होता. दुसरा ओतता ओतता म्हणाली, “शादिबेकला सांग, माझ्या माणसाच्या शेवटच्या क्षणी त्याच्या जवळ तोच होता. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.”

म्हणून लिहिते आहे. येत्या बारा तारखेला, गुरुवारी, सकाळी दहा वाजता आदिलेतने मला त्याच वर्गात दोन तास दिले आहेत. मी खडू घेऊन उभी राहणार आणि हा अपघात शिकवणार, नावांसकट. नळी, डबी, चार बोटं खाली बसलेला दांडा, दोन खांब, नव्व्याण्णव आणि एकशे चौदा, सगळं. मेरिम पहिल्या बाकावर असेल, साइरा एजे तिच्या शेजारी. पण एक भाग मला शिकवता येत नाही. अठरा हा आकडा कानांनी ऐकलेला एक उत्तम वैमानिक दुसऱ्या दिवशी जुन्या तक्त्यावर का उतरतो, हे मला ठाऊक नाही. छत्तीस वर्षं विचार करूनही सापडलेलं नाही. ती चाळीस मुलं उद्या अशाच कुणा वैमानिकासाठी सुया लावणार आहेत, त्यांना ते कळायला हवं, आणि ते सांगू शकेल असा जगात एकच माणूस उरला आहे. शिकवता शिकवता त्या दुसऱ्या दिवसापर्यंत पोचले की मी खडू खाली ठेवीन आणि दाराकडे बघेन. तू असलास तर पुढे तू सांग. नसलास तर खडू पुन्हा उचलीन, मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन, आणि तास पुरा करीन. तुझं हृदय नाजूक आहे, तर जिने सावकाश चढ. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे.

तुझ्याच तुकडीतली उपकरणांची तंत्रज्ञ,
बुरुल